वाळवी आणि आपली घरे
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आम्ही विद्वान नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झालो, अध्यापनाचे शिक्षण घेतले, आणि अडतीस वर्षे खेडोपाडीच्या शाळांतून मुलांस गणित व सृष्टिविज्ञान शिकवून निवृत्त झालो, एवढीच काय ती आमची विद्या. चिटणीसांनी व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा आम्ही 'वाळवी' असे उत्तर दिले. ते ऐकून ते क्षणभर स्तब्धच झाले. ह्या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, संघटन, विवाहातील अनाठायी खर्च अशा विषयांवर व्याख्याने झाली. तेथे वाळवीचे काय काम, असा प्रश्न त्यांच्या मुद्रेवर आम्हांस स्पष्ट दिसला. आपल्यापैकीही अनेकांच्या मनात तो आला असेल. त्याचे उत्तर देण्यापूर्वी आम्हांस आपणांसमोर एक कबुली द्यावयाची आहे.

आमचे तीर्थरूप हे ह्या मंडळाचे जुने कार्यकर्ते होते. १९६१ पासून पुढे सात वर्षे, दर उन्हाळ्यात, कधी एस. टी. ने तर बहुधा पायी, ते संगमेश्वर, लांजे, राजापूर ह्या भागांतील आपल्या लोकांच्या घरी जात, वृद्ध मंडळींस बोलते करीत आणि एकेका कुळाची वंशावळ टिपून घेत. अशा अकरा कुळांची माहिती त्यांनी दोन कापडी बांधणीच्या मोठ्या वह्यांत स्वहस्ते लिहून ठेविली होती. त्यांची एक विशेष रीत होती. वंशावळीत साधारणतः पुरुषांचीच नावे येतात. त्यांनी घरात आलेल्या प्रत्येक सुनेचे माहेरचे नाव, तिचे गाव आणि सासरी गेलेल्या प्रत्येक मुलीचे ठिकाण हेही नोंदविले होते. ही माहिती अन्यत्र कोठेही लिहिलेली नव्हती. १९९८ साली मंडळाने ठराव करून त्या वह्या शुद्धलेखनासाठी आमच्या स्वाधीन केल्या. आम्ही त्या मोठ्या अभिमानाने घरी नेल्या, माजघरातील भिंतीच्या फडताळात नीट रचून ठेविल्या, आणि 'सवडीने करू' असे म्हटले. ती सवड आम्हांस बावीस वर्षांत झाली नाही.

निवृत्तीनंतर आम्ही मुलाकडे राहावयास गेलो. गावचे घर गणपतीस आणि मे महिन्यात उघडावे, एरवी कुलूप, असा क्रम सुरू झाला. २०२० साली करोनाच्या साथीमुळे तेवढेही जाणे झाले नाही, आणि एक संपूर्ण पावसाळा घर बंद राहिले. २०२१ च्या फेब्रुवारीत आम्ही कुलूप काढले. बाहेरून घरास काही झाले आहे असे वाटेना. कौले जागेवर होती, चिरेबंदी भिंती होत्या तशा होत्या. फडताळाची दारे मात्र किंचित अडकली. ती ओढून उघडली, तर आत वह्या ओळीने उभ्या होत्या. त्यांच्या पाठी जशाच्या तशा, आणि पाठीवरील तीर्थरूपांचे वळणदार अक्षरही तसेच. आम्ही पहिली वही हाती घेतली, आणि तिला वजनच नाही असे जाणवले. उघडावयास गेलो तो पुठ्ठा हातात आला आणि ओंजळभर माती फडताळाच्या फळीवर सांडली. कागद म्हणून जो होता, त्याच्या जागी मातीची घरे होती. दोन्ही वह्या मिळून चार कुळांची पाने काय ती कडेने कुरतडलेल्या स्थितीत हाती लागली. सात कुळे गेली.

सज्जनहो, ती वही आमची नव्हती, मंडळाची होती. किंबहुना आपणां सर्वांची होती. ही गोष्ट कार्यकारी मंडळास आम्ही त्याच वर्षी पत्राने कळविली होती. परंतु आपणां सर्वांसमोर उभे राहून सांगण्याचे धैर्य आज होत आहे. दोष वाळवीचा नव्हे. तिने तिचा धर्म पाळला. आम्ही आमचा पाळला नाही. त्यानंतर आम्ही एकच व्रत घेतले, की जिने हे केले तिची पुरती ओळख करून घ्यावयाची, आणि जे शिकू ते आपल्या लोकांस सांगावयाचे. म्हणून आजचा हा विषय.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की वाळवी म्हणजे मुंगी नव्हे. इंग्रज लोक तिला 'पांढरी मुंगी' म्हणत आणि आपणही तसेच समजत आलो. परंतु मुंगीचे कूळ गांधीलमाशीचे व मधमाशीचे, तर वाळवीचे कूळ झुरळाचे. पूर्वी शास्त्रज्ञ वाळवीचा एक स्वतंत्र गण मानीत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ती झुरळांच्याच गणात बसते असे दाखविले, आणि आता ते मत सर्वमान्य झाले आहे. मुंगी ही वाळवीची आप्त तर नव्हेच, उलट तिची हाडवैरीण आहे. दोघींतील भेद मुलांसही दाखविता येतो. मुंगीची कंबर बारीक, वाळवीची जाड व सरळ. मुंगीच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, वाळवीच्या मण्यांच्या माळेसारख्या सरळ. पंख फुटलेल्या मुंगीचे पुढील पंख मोठे व मागील लहान. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जे असंख्य किडे जमतात, त्यांतील पंख गळून पडलेले पाहावे. ते सर्व एका मापाचे असतील तर ती वाळवी होय.

जगात वाळवीचे सुमारे ३,००० आणि आपल्या देशात सुमारे ३०० प्रकार आहेत. त्यांपैकी घरास उपद्रव देणारे अगदी थोडे. बाकीचे रानात पडलेली लाकडे, पाने व गवत खाऊन त्यांची माती करतात. ती नसती तर आपली राने पडलेल्या ओंडक्यांनी भरून गेली असती. सृष्टीच्या कारखान्यात तिचे काम मोठे आहे. मात्र रानात पडलेला ओंडका आणि आपल्या घराची तुळई ह्यांतील भेद तिला कळत नाही, एवढाच काय तो तंटा.

वाळवीच्या वसाहतीत एक राणी, एक राजा, थोडे शिपाई आणि असंख्य कामकरी असतात. शास्त्रज्ञ ह्या वर्गांस 'जाती' हाच शब्द वापरतात. ज्ञातिमंडळाच्या सभेत हे सांगताना आम्हांस थोडी मौज वाटते. कारण ह्या सर्व 'जाती' एकाच आईची लेकरे असतात. कोणी कामकरी व्हावे आणि कोणी शिपाई, हे मुख्यतः वाढीच्या काळात मिळणाऱ्या अन्नावर आणि वसाहतीत पसरणाऱ्या गंधद्रव्यांवर ठरते. ह्यातून कोणता बोध घ्यावा हे आम्ही आपणांवरच सोपवितो.

राणीचे पोट अंड्यांनी फुगून ती बोटाएवढी होते. तिला हालताही येत नाही. मोठ्या वसाहतीतील राणी दिवसाला हजारो अंडी घालते आणि अनेक वर्षे जगते. मधमाश्यांतील नर एकदा उपयोगी पडून मरतो. वाळवीचा राजा मात्र जन्मभर राणीच्या शेजारी राहतो. कामकरी वाळवी आंधळी, पांढरट, मऊ अंगाची असते. तिच्या कातडीत ओलावा टिकत नाही, म्हणून कोरडी हवा व ऊन तिला सोसत नाही. ह्या एका गोष्टीत तिच्या साऱ्या वागणुकीचे रहस्य आहे. ती उघड्यावरून चालत नाही. जमिनीतून लाकडाकडे जावयाचे झाल्यास माती, लाळ व विष्ठा ह्यांची नळी बांधीत बांधीत ती त्या नळीतून जाते. भिंतीवर पेन्सिलीएवढ्या जाडीची जी मातीची रेघ आपणांस दिसते, ती तिची झाकलेली वाट होय. लाकूड खातानाही ती बाहेरचा पापुद्रा शिल्लक ठेविते. आमच्या वह्यांच्या पाठी शाबूत का राहिल्या, हे कोडे आम्हांस येथे उलगडले. पाठ तिने आमच्यावर दया म्हणून ठेविली नव्हती. तो तिच्या घराचा पडदा होता.

लाकूड व कागद ह्यांतील मुख्य द्रव्य पचविणे बहुतेक प्राण्यांस जमत नाही. वाळवीच्या पोटात राहणारे सूक्ष्म जीव ते काम करतात. आपल्याकडे वारुळे बांधणारी जी वाळवी आहे, ती आणखी एक युक्ती योजते. खाल्लेले लाकूड एकदा पोटातून बाहेर टाकून त्याची ती स्पंजासारखी पोळी रचते आणि तीवर एका जातीची बुरशी पेरते. ती बुरशी लाकूड मऊ करते, आणि मग वाळवी ते खाते. म्हणजे मनुष्याने नांगर हाती धरण्याच्या कोट्यवधी वर्षे आधीपासून हा क्षुद्र कीटक शेती करीत आला आहे. योहान गेरहार्ड कोनिग नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने तंजावरच्या मुलखातील वारुळे उकरून, त्यांच्या आतील ह्या बागांचे वर्णन १७७९ साली प्रसिद्ध केले. त्या काळी तेथे भोसल्यांचे राज्य होते. पावसाळ्यात वारुळावर जी रुचकर अळंबी उगवते, आणि जिला गोमंतकात 'रोयणची अळमी' म्हणून मोठा मान आहे, ती ह्याच बुरशीचे फळ होय.

वारुळाविषयी आपल्या पूर्वजांस आदर होता. आदिकवीचे नावच वल्मीकावरून, म्हणजे वारुळावरून पडले. कोकणात व गोमंतकात सांतेरी देवीची पूजा वारुळाच्या रूपाने होते. नागपंचमीस आपल्या भगिनी वारूळ पूजितात. वस्तुतः नाग ते बांधीत नाही, वाळवीने बांधलेल्या घरात तो भाडे न देता राहतो. वराहमिहिराने सहाव्या शतकात लिहिलेल्या 'बृहत्संहिते'त भूमिगत पाणी शोधण्यावर एक अध्याय आहे, त्यात वारूळ ही जवळपास पाणी असल्याची एक खूण म्हणून सांगितली आहे. वाळवीस ओलावा हवा, हे त्या विद्वानाने जाणले होते. आपण मात्र घराच्या भिंतीतील ओल पाहूनही काही जाणत नाही.

आता घराकडे वळू. घरास लागणारी वाळवी दोन प्रकारची, आणि हा भेद न जाणल्याने लोकांचा पैसा फुकट जातो. पहिली भूमिगत वाळवी. तिची वसाहत जमिनीत असते, तिला मातीचा व ओलाव्याचा आधार लागतो, आणि तिच्या वाटेवर मातीच्या नळ्या दिसतात. दुसरी कोरड्या लाकडातील वाळवी. तिची वसाहत लाकडाच्या आतच असते. तिला जमिनीशी कर्तव्य नाही. ती नळ्या बांधीत नाही. लाकडास बारीक भोक पाडून ती आपली विष्ठा बाहेर लोटते, आणि तिचे खसखशीसारखे कोरडे कण जमिनीवर पडलेले दिसतात. पहिलीचा उपाय जमिनीत करावयाचा असतो, दुसरीचा लाकडात. खसखशीसारखे कण दिसत असताना जमिनीत औषध ओतणे म्हणजे दुखणे पायास आणि पट्टी डोक्यास!

वाळवी लागल्याची लक्षणे सांगतो, ती मनात ठेवावी. जोत्यावर, भिंतीच्या कोपऱ्यात, चौकटीच्या मागे मातीच्या नळ्या. पावसाच्या आरंभी खिडकीपाशी गळून पडलेल्या सारख्या मापाच्या पंखांचा ढीग. चौकटीवर बोटाच्या पेराने ठोकले असता भरीव आवाजाऐवजी पोकळ आवाज. रंगाचा पापुद्रा फुगणे किंवा दाबताच आत जाणे. दार अकारण अडकू लागणे, जसे आमचे फडताळ अडकले. मातीची नळी दिसल्यास ती सबंध झाडून टाकू नये. मधली दोन बोटे मोडावी आणि दोन-चार दिवसांनी पाहावे. पुन्हा बांधलेली आढळली तर वसाहत जागती आहे आणि वाट चालू आहे असे समजावे. तशीच मोडकी राहिली तरी निश्चिंत होऊ नये. ती दुसऱ्या वाटेने गेलेली असू शकते.

पुष्कळांची समजूत अशी, की घर चिऱ्याचे किंवा सिमेंटचे असले म्हणजे भय नाही. वाळवी चिरा खात नाही हे खरे. परंतु चिऱ्यांमधील मातीच्या सांध्यांतून ती खुशाल वर चढते. सिमेंटच्या फरशीस एक मिलिमीटर रुंदीची फट असली तरी तिला तेवढी वाट पुरते. आमचे फडताळ चिऱ्याच्या भिंतीतच होते. शहरातील आपल्या बांधवांनीही ही गोष्ट खेड्यावर ढकलू नये. नळांच्या पोकळीतून आणि भिंतींतील भेगांतून ती वरच्या मजल्यांवर जाते, आणि न्हाणीघराच्या ओल्या भिंतीस टेकलेले कपाट तिला फार आवडते.

घर बांधणाऱ्या जुन्या कारागिरांस ह्या गोष्टी ठाऊक होत्या. त्यांनी लाकडी खांब कधी मातीत रोविला नाही. तो दगडाच्या तळखड्यावर उभा केला. जोते उंच ठेविले. सागाचे लाकूड घेताना सालीकडील पांढरा भाग काढून आतील गाभा तेवढा वापरला, कारण सागाच्या गाभ्यास वाळवी सहसा तोंड लावीत नाही, पण पांढऱ्या भागास हमखास लावते. काजूच्या टरफलांचे तेल लाकडास चोपडण्याचा प्रघातही कोकणात होता. शिवाय, त्या घरांत माणसे राहत. रोज केर निघे, चुलीचा धूर माळ्यापर्यंत जाई, वर्षातून एकदा कौले उतरून पाखे चाळले जात. वाळवीची वाट कोणाच्या तरी दृष्टीस पहिल्या आठवड्यातच पडे. आज आपली कित्येक घरे वर्षाचे अकरा महिने कुलपात असतात. बंद घर, गळके कौल आणि दमट हवा ह्यांहून अधिक सोय वाळवीस कोण करून देणार?

आता उपाय. ते आम्ही स्वस्तापासून महागापर्यंत क्रमाने सांगतो, कारण पहिले तीन केल्याखेरीज पुढील दोन्हींवर खर्च केलेला पैसा टिकत नाही.

पहिला उपाय ओलावा तोडण्याचा. गळके कौल, फुटलेली पन्हळ, झिरपणारा नळ आधी दुरुस्त करावा. पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर वाहून जाईल असा उतार घराभोवती काढावा. झाडांची आळी भिंतीस चिकटून करू नयेत.

दुसरा उपाय माती आणि लाकूड ह्यांची गाठ तोडण्याचा. लाकूडफाटा, पेंढा, जुने वासे, पुठ्ठ्याची खोकी भिंतीस टेकून ठेवू नयेत; दगडांवर फळ्या टाकून त्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावी. अंगणाची भर जोत्याच्या वर चढू देऊ नये. दाराच्या चौकटीचे पाय जमिनीत गाडू नयेत. कपाट भिंतीपासून निदान वीतभर पुढे ओढावे, म्हणजे मागे दिवा धरून पाहता येते.

तिसरा उपाय पाहण्याचा. तिथी ठरविल्यावाचून आपल्या हातून काही होत नाही, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. म्हणून आमच्या घरी आता दोन दिवस नेमले आहेत : पावसाळ्यापूर्वी अक्षय्य तृतीया आणि पावसाळ्यानंतर कोजागरी पौर्णिमा. त्या दिवशी हातात विजेरी आणि एक बोथट सुरी घेऊन, घरातील लहान मुलास बरोबर घेऊन, जोते, चौकटी, माळा, वासे, फडताळे आणि देव्हाऱ्याचा पाट एकेक करून तपासावा. मुलास बरोबर घेण्याचे कारण असे की त्याचे डोळे चांगले असतात, आणि पुढील पन्नास वर्षे हे काम त्यालाच करावयाचे आहे.

चौथा उपाय लाकडास संरक्षण देण्याचा. टाकणखार व बोरिक ॲसिड ह्यांच्या पाण्यातील द्रावणाने घरातील कोरडे लाकूड सुरक्षित करता येते. मात्र हे द्रव्य पाण्याने धुऊन जाते. म्हणून पावसात भिजणाऱ्या लाकडास ते उपयोगी नाही. नवी चौकट वा तुळई बसविण्यापूर्वी, विशेषतः तिच्या कापलेल्या टोकांस, हे काम करून घ्यावे. एकदा बसविल्यावर टोके भिंतीत जातात आणि हात पोचत नाही.

पाचवा उपाय जमिनीत औषध घालण्याचा. नवे घर बांधावयाचे असेल तर पाया व जोते भरतानाच हे करावे. त्यासाठी भारतीय मानक क्रमांक ६३१३ हे १९७१ साली प्रथम प्रसिद्ध झाले असून त्यात पुढे सुधारणाही झाल्या आहेत; कंत्राटदारास ह्या क्रमांकाची आठवण द्यावी. जुन्या घरात भिंत व फरशी जेथे मिळते त्या सांध्यावर सुमारे एक फुटाच्या अंतराने १२ मिलिमीटर व्यासाची भोके पाडून, प्रत्येकात जास्तीत जास्त लीटरभर औषधी पाणी मुरवितात आणि भोक सिमेंटने बुजवितात. घराबाहेर जोत्यालगत चर खणून तेथेही औषध घालतात. हेतू असा, की घराखाली व घराभोवती औषधयुक्त मातीचा अखंड पट्टा व्हावा. पट्ट्यात एक जागा चुकली की तेवढी वाट तिला पुरते. आणि हा पट्टा एकदा झाल्यावर तेथे पुन्हा खणू नये.

हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे, आणि तो कोणते औषध किती प्रमाणात घालतो हे डब्यावरील चिठ्ठीशी ताडून पाहावे. आमच्या लहानपणी लोक गॅमेक्झिनची पूड मुठीने टाकीत आणि बांधकामात आल्ड्रिन सर्रास वापरीत. आल्ड्रिन, डिल्ड्रिन, क्लोर्डेन ही द्रव्ये वर्षानुवर्षे मातीत व प्राण्यांच्या चरबीत राहतात असे आढळल्यामुळे २००१ च्या स्टॉकहोम कराराने त्यांवर जगभर निर्बंध आले, आणि भारताने २००६ साली तो करार मान्य केला. कोणाच्या माळ्यावर असा जुना डबा असेल तर तो उघडू नये, वापरू नये, विहिरीत वा ओढ्यात टाकू नये. हल्ली इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल अशी द्रव्ये वापरतात. वाळवीस त्यांचा वास येत नाही, ती त्यातून जाते, आणि अंगाला लागलेले औषध एकमेकींस चाटून वसाहतीत पसरते. परंतु औषध ते औषध, म्हणजेच विष. कोकणात आपली विहीर घराच्या मागील दारीच असते. विहिरीजवळ, गोठ्याजवळ किंवा पाणी साचलेल्या जागी ते घालू नये. काम करणाऱ्यास विहीर कोठे आहे हे आधी दाखवावे.

रॉकेल ओतल्याने दिसणारी वाळवी मरते, राणी नव्हे. वहीत घातलेल्या कापरास ती भीत नाही. हे दोन्ही उपाय आम्ही स्वतः केले होते, हेही सांगून टाकतो.

राहता राहिले कागद. लाकूड पुन्हा घेता येते. कागदावरील अक्षर पुन्हा येत नाही. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मिळविली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या नावाने त्यांचे बावीस खंड प्रसिद्ध केले. त्यातला पहिला १८९८ चा. ती दप्तरे छापली गेली म्हणून आज आपल्या हाती आहेत. ज्याची दुसरी प्रत नाही, ते आपल्याजवळ आहे असे समजूच नये. आज प्रत्येकाच्या खिशात छायाचित्र घेणारे यंत्र आहे. दोन वह्यांची पाने टिपावयास आम्हांस एक दुपार लागली असती.

त्या फेब्रुवारीत आम्ही खिन्न होऊन आमच्या आत्याबाईंकडे गेलो. त्यांचे वय तेव्हा अठ्ठ्याऐंशी. सर्व ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "अरे, वाळवीने वही खाल्लीन, मला अजून खाल्लीन नाही. बस आणि लिही." त्यांनी तीन दिवसांत आम्हांस त्रेचाळीस सुनांची माहेरची नावे गावांसह सांगितली. पुढल्याच वर्षी त्या वारल्या. त्या तीन दिवसांचे लेखन मंडळाच्या कार्यालयात, आमच्या मुलाकडे आणि आमच्यापाशी अशा तीन ठिकाणी आज आहे.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, मंडळाच्या कार्यालयात पोटमाळ्यावर शिष्यवृत्तीची जुनी रजिस्टरे आणि सभांची इतिवृत्ते लाकडी मांडणीवर भिंतीस टेकून ठेविलेली आहेत. गेल्या महिन्यात आम्ही ती पाहून आलो. मांडणीच्या मागे बोटभर मातीची रेघ आहे. रजिस्टरे अद्यापि शाबूत आहेत. ती ह्याच महिन्यात लोखंडी कपाटात हलवावी, भिंतीचे काम करून घ्यावे आणि प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे. ह्या कामास लागणारे मनुष्यबळ म्हणून आम्ही स्वतः हजर आहोत. दुसरी, गावची घरे बंद असणाऱ्यांनी शेजाऱ्यांत पाळी लावून कोजागरीस व अक्षय्य तृतीयेस एकमेकांची घरे उघडून पाहावी. आणि तिसरी, गेलेल्या सात कुळांतील जी मंडळी आज येथे आहेत, त्यांनी आपल्या घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ बसून तिला आठवतील तेवढी नावे लिहून आणावी. सभागृहाच्या दाराशी एक कोरी वही ठेविली आहे. तिची पहिली सही आमची आहे, आणि तिची प्रत रोज संध्याकाळी निघेल अशी व्यवस्था केली आहे.